उसाचा पंचनामा झाला, घराचे काय?

२०१९ सालच्या ऑगस्टमधील गोष्ट. कृष्णा-पंचगंगेचे पाणी ओसरू लागले होते. आम्ही कृषी खात्याची माणसे शिरोळ तालुक्यात गावोगाव पिकांचे पंचनामे करीत फिरत होतो. आठ-दहा दिवस पाण्याखाली राहिलेल्या उसाचे शेंडे कुजून काळे पडले होते. एका वस्तीवर पंचनाम्याचा कागद पुरा केला, सह्या-अंगठे झाले आणि आम्ही उठलो. तेवढ्यात त्या घरच्या मावशी उंबऱ्यातून म्हणाल्या, "सायेब, उसाचं लिवलासा, बरं झालं. पर ह्या घराचं कोण लिवणार?"

मी आत डोकावलो. मागची भिंत आडवी झाली होती. पोत्यांतल्या ज्वारीला मोड आले होते. कपाट, शिलाई मशीन, टीव्ही, अंथरूण-पांघरूण, सारे गाळाने माखलेले. "घराचा पंचनामा वेगळा होईल," एवढेच मी म्हणालो. उत्तर खरे होते, पण अपुरे होते. आपण पिकाचा विमा काढतो, बैलाचा काढतो, ट्रॅक्टरचा तर काढावाच लागतो. मात्र ज्या घरात उभा जन्म काढायचा, त्या घराचा विमा काढलेली माणसे गावात शोधूनही सापडत नाहीत.

माझा स्वतःचा अनुभव

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःची चूक सांगतो. माझे घरही कृष्णाकाठीच आहे. घरासाठी कर्ज काढले तेव्हा कर्ज देणाऱ्या संस्थेने घराचा विमा उतरवला होता. त्या भरवशावर मी निर्धास्त होतो. विम्याचा कागद कधी उघडून पाहिला नाही. २०१९ च्या पुरात घरात पुरुषभर पाणी चढले. मग कागद काढला, तेव्हा कळले की विमा फक्त कर्जाच्या रकमेचा, म्हणजे ३ लाखांचा आहे. घर नव्याने बांधायला त्या वेळी १२ लाख लागले असते. म्हणजे विमा चौथ्या हिश्श्याचाच. नुकसान १ लाख ६० हजारांचे धरले गेले आणि हाती त्याचाही चौथा हिस्साच आला, ४० हजार. घरातील सामानाचा तर त्या कागदात उल्लेखही नव्हता. बी.एस्सी. ॲग्री. झालेला माणूस, लोकांना पीक विमा समजावून सांगणारा, आणि स्वतःच्या घराचा कागद वाचलेला नाही! घरच्यांनी त्यावरून मला जे ऐकवले ते योग्यच होते.

सरकारी मदत म्हणजे भरपाई नव्हे

पूर आला की सरकार मदत देते, मग विमा कशाला, असे पुष्कळजण विचारतात. मदत जरूर मिळते आणि ती घ्यावीही. पण ती किती असते ते पाहा. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये होते. पक्क्या घराची अंशतः, म्हणजे निदान १५ टक्के पडझड झाली तर साडेसहा हजार, कच्च्या घराला चार हजार आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला तीन हजार. एक भिंत आणि चौकट उभी करायला आज गवंडी काय घेतो हे आपणांस ठाऊक आहे. ही मदत संकटात सावरण्यासाठी असते, घर पुन्हा बांधून देण्यासाठी नसते. राज्य सरकार प्रसंगी त्यात भर घालते, पण त्यावर घराचा हिशेब बांधता येत नाही.

आणखी एक गैरसमज. पीक विम्याचा हप्ता भरला म्हणजे घरही आले, असे नाही. पीक विमा पिकाचाच. घराची भिंत, भांडीकुंडी, धान्याची कणगी यांचा त्यात संबंध नाही.

सर्व कंपन्यांची एकच पॉलिसी

पूर्वी घराच्या विम्याच्या शर्ती कंपनीगणिक वेगळ्या असत. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने 'भारत गृह रक्षा' या नावाची एकसारखी पॉलिसी लागू केली. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्यांकडे, तसेच खासगी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडेही ती मिळते. मूळ शर्ती सगळीकडे सारख्या असल्याने दोन-तीन ठिकाणी हप्ता विचारावा आणि तालुक्याला ज्यांचे कार्यालय किंवा माणूस आहे, त्यांचा विचार आधी करावा.

या पॉलिसीत आग, वीज, भूकंप, वादळ, दरड कोसळणे यांबरोबर पूर आणि पाणी साचून झालेले नुकसान येते. पुरासाठी निराळी पॉलिसी घ्यावी लागत नाही. पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत घरात चोरी झाली, तर तेही नुकसान धरले जाते. घर सोडून छावणीत राहावे लागते, तेव्हा याचे महत्त्व कळते.

विम्याची रक्कम कशी ठरवावी? जमिनीची किंमत त्यात धरायची नाही. जमीन वाहून जात नाही. घर आज नव्याने बांधायला काय खर्च येईल तेवढेच धरायचे. भिंतींच्या आतील चटई क्षेत्र मोजावे आणि आपल्या भागातील बांधकामाच्या दराने गुणावे. समजा, क्षेत्र ६०० चौरस फूट आहे आणि दर चौरस फुटाला १,५०० रुपये आहे, तर रक्कम ९ लाख होते. घराच्या विम्यासोबत सामानासाठी त्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजारांचे संरक्षण आपोआप मिळते. त्याची कमाल मर्यादा १० लाख आहे. सामान याहून जास्त असेल तर तशी यादी देऊन रक्कम वाढवता येते. घर भाड्याचे असेल तर फक्त सामानाचाही विमा निघतो.

माझी ज्या शर्तीने फसगत झाली, ती शर्त या पॉलिसीत काढून टाकली आहे. विमा थोडा कमी रकमेचा असला तरी नुकसान त्या प्रमाणात कापले जात नाही. विमा रकमेच्या मर्यादेपर्यंत पुरते दिले जाते. तरीही क्षेत्र आणि बांधकाम खरेच सांगावे. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते. अशा लांब मुदतीच्या पॉलिसीत घराची विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते.

काय मिळत नाही, तेही वाचा

रोख पैसे, कागदपत्रे आणि वाहने सामानात धरली जात नाहीत. मोटारसायकल, ट्रॅक्टर यांचा विमा वेगळा. गाई-म्हशींचाही वेगळा, आणि त्यासाठी कानातला बिल्ला शाबूत हवा. दागिन्यांसाठी जादा संरक्षण मागून घ्यावे लागते. गोठा, कडब्याची शेड, कुंपणाची भिंत यांचा समावेश हवा असेल तर अर्जातच तसे लिहावे. घरात विक्रीसाठी साठवलेले सोयाबीन किंवा हळद ही घरसामान ठरेल असे गृहीत धरू नये. कंपनीला आधीच विचारून उत्तर लेखी घ्यावे.

वर्षानुवर्षे गळणारे छप्पर, भिंतीला धरलेली जुनी ओल, घराचे नेहमीचे खचणे हे पुराचे नुकसान ठरत नाही. काळ्या जमिनीवरच्या घरांना ही गोष्ट फार महत्त्वाची. ही माती पाण्याने फुगते, वाळली की आक्रसते. त्यामुळे पुरानंतर महिन्या-दीड महिन्यानेही भिंतीला तडे जातात. तडा जुना की पुराचा, हा वाद तेव्हा होतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी घराचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत.

छप्पर पाचटाचे किंवा गवताचे आणि भिंती कुडाच्या असतील, तर कंपन्या घर कच्चे धरतात. अशा घराचा विमा मिळेल का आणि किती हप्त्याला, हे आधी विचारावे. कच्च्या घराला कागदावर पक्के करू नये. हप्ता जाईल आणि ऐन वेळी दावाही नाकारला जाईल.

पाणी दाराशी येण्याआधी

सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. हे आकडे आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ असतात. पण इशारा झाल्यावर विम्यासाठी धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय विमा सुरू होत नाही, असा कायदाच आहे. म्हणून खतांची तजवीज करतो त्याच वेळी, वैशाखात, हेही काम उरकावे. कर्ज काढून घर बांधले असेल तर बँकेकडून पॉलिसीची प्रत मागून घ्यावी. रक्कम किती आहे, सामान धरले आहे का आणि मुदत कधी संपते, या तीन गोष्टी त्यात पाहाव्यात.

घरातील गृहिणींना विशेष विनंती. सामानाची यादी तुमच्याइतकी चांगली कोणी करू शकत नाही. वस्तू, घेतल्याचे साल आणि किंमत वहीत लिहा. पावत्या, पॉलिसी आणि घराचा उतारा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घर सोडताना बरोबर घ्या. त्यांचे फोटो परगावच्या लेकीच्या किंवा भावाच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा.

पाणी ओसरल्यावर

कंपनीला लगेच कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. गाळ काढण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे फोटो घ्यावेत. भिंतीवरची पाण्याची रेघ त्यात दिसली पाहिजे. नंतर सफाई करावी, कारण नुकसान वाढू न देणे ही आपलीही जबाबदारी आहे. मात्र कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत खराब वस्तू फेकू किंवा भंगारात देऊ नयेत. दाव्याचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यावा. सरकारी पंचनाम्याची प्रत मिळवून त्याला जोडावी.

दावा नाकारला किंवा फार कापला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे एक कार्यालय पुण्याला आहे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

त्या मावशींच्या वस्तीवर मी नंतर गेलो होतो. भिंत उभी राहिली होती, पण हातउसने आणि सोसायटीचे पैसे घेऊन. "उसाचं पैसं भिंतीतच गेलं," मावशी म्हणाल्या. पुढचे दोन गळीत हंगाम त्या कर्जात गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि तीच भिंत पुन्हा पाण्यात उभी होती.

२००५, २०१९, २०२१. कृष्णाकाठची माणसे आता वर्षे पुरांनी मोजतात. नदी आपल्या हातात नाही. पण यंदा बियाण्याच्या पिशव्या आणायला तालुक्याला जाल, तेव्हा विमा कंपनीच्या कार्यालयात अर्धा तास बसून या. घराचे माप आणि सामानाची यादी तेवढी खिशात असू द्या.