बहात्तरावा हिस्सा

विमानाची लहान प्रतिकृती म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मुलांचे खेळणे उभे राहते. परंतु खेळणे आणि प्रतिकृती या जातीनेच भिन्न अशा दोन वस्तू आहेत. खेळण्याने मुलाचे मन रमविले की त्याचे काम झाले. त्याचे पंख थोडे आखूड झाले किंवा चाके थोडी मोठी झाली, म्हणून कोणी त्याला जाब विचारीत नाही. प्रतिकृती मात्र एखाद्या खऱ्या वस्तूविषयी काही सांगत असते, आणि जे सांगितले जाते ते खरे किंवा खोटे असू शकते. दुसऱ्या महायुद्धातील हरिकेन या लढाऊ विमानाची प्लॅस्टिकची प्रतिकृती कशी घडवितात हे आज आपण पाहणार आहोत. आणि एवढ्या बारकाईचा खटाटोप कशासाठी, या प्रश्नाचाही विचार करणार आहोत.

प्रथम प्रमाणाविषयी. अशा प्रतिकृती अनेक प्रमाणांत मिळतात, पण त्यांतील एक जुने आणि रूढ प्रमाण बहात्तरास एक हे आहे. बहात्तर हा आकडा ऐकताना विचित्र वाटतो. तथापि त्यामागे फुटा-इंचांचा साधा हिशेब आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. म्हणून या प्रमाणात सहा फूट उंचीचा वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. हरिकेनच्या पंखांचा विस्तार चाळीस फूट होता. प्रतिकृतीत तो पावणेसात इंचांहून किंचित कमी भरतो. ब्रिटनमध्ये 1932 साली 'स्कायबर्ड्स' या नावाने निघालेले लाकडी संच याच प्रमाणाचे होते. 1936 साली 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने प्लॅस्टिकच्या विमानांचे संच बाजारात आले, त्यांनीही तेच प्रमाण स्वीकारले. युद्धानंतर पॉलिस्टायरीन हे स्वस्त प्लॅस्टिक सर्रास वापरात आले आणि हा छंद घरोघरी पोचला.

परंतु मधल्या काळात या छंदाला एक गंभीर काम लाभले होते. ते समजण्यासाठी युद्धाच्या अगदी आरंभी इंग्लंडच्या आकाशात घडलेली एक घटना ध्यानात घ्यावी लागेल. 6 सप्टेंबर 1939 रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, शत्रूची विमाने येत असल्याची चुकीची सूचना मिळाली. त्यांच्या शोधार्थ हरिकेन विमाने वर चढली. थोड्याच वेळात स्पिटफायर विमानेही आकाशात आली. स्पिटफायरच्या काही वैमानिकांना समोरची हरिकेन शत्रूची वाटली, आणि त्यांनी त्यांतील दोन पाडली. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक त्यात मरण पावला. त्या युद्धात कामी आलेला ब्रिटिश वायुदलाचा हा पहिला लढाऊ वैमानिक; आणि तो आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी गेला. इतिहासात ही घटना 'बार्किंग क्रीकची लढाई' या नावाने नोंदली गेली आहे. त्या दिवशी त्या आकाशात शत्रूचे एकही विमान नव्हते.

अशा चुका टाळावयाच्या तर केवळ आकारावरून विमान ओळखण्याची सवय डोळ्यांना लागली पाहिजे. त्यासाठी प्रतिकृतींचा उपयोग होऊ लागला. अमेरिकेच्या नौदलाने 1942 साली शिक्षणखात्याच्या साह्याने शाळांतील मुलांना आवाहन केले, की निरनिराळ्या पन्नास जातींच्या विमानांच्या मिळून पाच लाख लाकडी प्रतिकृती तयार करून द्या. प्रमाण बहात्तरास एक; रंग काळा. यातही एक साधे गणित आहे. अशी प्रतिकृती सुमारे सदतीस फुटांवर धरली, तर खरे विमान अर्ध्या मैलावरून जसे दिसेल तशी ती दिसते. शिकणाऱ्याने खोलीच्या एका टोकास बसावे, दुसऱ्या टोकास शिक्षकाने प्रतिकृती फिरवावी, आणि 'आपले की परके' याचे उत्तर क्षणार्धात द्यावे, अशी ती तालीम होती. तिच्यात पंखाचा कोन चुकला तर धडाच चुकीचा शिकला जाणार, हे उघड आहे.

आता प्रत्यक्ष घडणीकडे वळू. कारखान्यात वितळलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरतात. थिजल्यावर विमानाचे सारे भाग बारीक दांड्यांच्या चौकटीला लगडलेले असे बाहेर येतात. ते मोडून काढू नयेत, धारदार पात्याने कापावेत. आणि कापल्या जागी राहिलेला उंचवटा कानशीने व काचकागदाने साफ करावा. जोडण्याचा आरंभ बाहेरून होत नाही, आतून होतो. वैमानिकाची बैठक, तिच्यामागील पोलादी पाठ, पुढील घड्याळांची फळी, हाताची दांडी हे सर्व आधी रंगवून बसवावे लागते. कारण धडाचे दोन भाग एकदा मिटले की तेथे हात पोचत नाही. येथे वापरावयाचा द्रव हा खळीसारखा चिकटविणारा नसतो. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवितो, आणि दोन्ही कडा एकमेकींत मिसळून एकजीव होतात. म्हणूनच तो बेताने लावावा लागतो. जास्त झाल्यास सांध्याच्या शेजारची बारीक नक्षीही विरघळून जाते.

पंख बसविताना आपला कस लागतो. हरिकेनचा पंख मुळापासून टोकापर्यंत एकसारखा वर उचललेला नसतो. धडाखालचा मधला भाग सपाट असतो आणि त्यापुढचे दोन्ही बाहेरचे भाग सुमारे साडेतीन अंशांनी वर चढतात. समोरून पाहिल्यास हा मोड ध्यानात येतो. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार, हरिकेनचा जाड व टोकाशी गोलसर. हरिकेनची चाके मिटताना आत येतात, स्पिटफायरची बाहेर जातात. हरिकेनची पाठ वैमानिकाच्या बैठकीपाशी उंचावलेली असते. बार्किंग क्रीकच्या आकाशात जे भेद डोळ्यांना वेळेवर उमगले नाहीत, ते असे होते. टेबलावर काम करताना साडेतीन अंश म्हणजे काय, असे वाटते. पण ते चुकले तर ते विमान हरिकेन राहत नाही.

सांधे वाळल्यावर फटींत लांबी भरून घासावे लागते. येथे प्रमाण पुन्हा आपला हिशेब मागते. प्रतिकृतीच्या पंखाची मागची कड एक मिलिमीटर जाड राहिली, तर खऱ्या विमानावर ती सव्वासात सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन इंच जाड होते. रंगाचा थर मिलिमीटरच्या दशांशाएवढा चढला, तर खऱ्या विमानाला सात मिलिमीटरांचा गिलावा केल्यासारखे होते. म्हणून कड घासून पातळ करावी आणि रंग विरळ करून अनेक हलक्या हातांनी द्यावा. हरिकेनच्या धडाचा मागील भाग पत्र्याचा नव्हता. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, आणि त्यांवर ताणून रोगणाने घट्ट केलेले कापड, अशी त्याची बांधणी होती. सिडनी कॅम यांनी आखलेले हे विमान 6 नोव्हेंबर 1935 रोजी प्रथम उडाले, तेव्हा कापडी विमानांचे युग सरत होते आणि पत्र्याच्या विमानांचे सुरू होत होते. हरिकेनच्या अंगावर ही दोन्ही युगे दिसतात. त्या कापडाखालच्या पट्ट्या प्रतिकृतीत नुसत्या सूचित व्हाव्यात. भुकेल्या बैलाच्या बरगड्यांसारख्या त्या उठून दिसल्या, तर कापड ताणलेले होते ही गोष्टच खोटी पडते.

यानंतर रंग आणि चिन्हे. भारतीयांच्या दृष्टीने या कामाचा अत्यंत अर्थपूर्ण भाग हाच आहे. ब्रिटिश विमानांवर निळे, पांढरे व तांबडे असे चक्र असे, हे सर्वांस ठाऊक आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मात्र त्यातील तांबडा रंग काढून टाकण्यात आला. जपानी विमानांवर सूर्याचा तांबडा गोळा असे. घाईच्या क्षणी चक्राच्या मधला तांबडा ठिपका पाहून आपल्याच विमानावर गोळी झाडली जाण्याचा धोका होता. म्हणून गर्द निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका, असे चिन्ह तेथे आले. भारतीय वायुदलाच्या विमानांवरही तेच चिन्ह होते. 1944 साली इंफाळला जपानी सैन्याचा वेढा पडला असताना स्क्वाड्रन लीडर अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या तुकडीची हरिकेन तेथून टेहळणीस उडत होती. आराकानात मेहरसिंग यांच्या सहाव्या तुकडीची हरिकेन हेच काम करीत होती. अशी विमाने करावयाची, तर चक्रात तांबडा ठिपका असता कामा नये.

परंतु 'वैमानिक भारतीय, म्हणून चक्र निळे' असाही सरसकट नियम बांधता येत नाही. महिंदरसिंग पुज्जी 1941 साली ब्रिटनमध्ये हरिकेन उडवीत होते. त्या विमानांवर तांबड्या ठिपक्याचेच चक्र होते. पुढे ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आले, तेथे चिन्ह वेगळे. चौदा हजारांहून अधिक हरिकेन बांधली गेली. काहींच्या पंखांत आठ बंदुका, काहींच्या पंखांत चार तोफा. टेहळणीच्या काही विमानांतून वजन घटविण्यासाठी चारपैकी दोन तोफा काढलेल्या. तेव्हा 'हरिकेन करावयाचे' एवढा संकल्प पुरत नाही. कोणते, कोठले, कोणत्या साली, कोणी उडविलेले, हे ठरवून त्या काळचे छायाचित्र समोर ठेवावे लागते. संचाच्या पेटीवरील रंगीत चित्र हा पुरावा नव्हे.

असे असले तरी प्रमाणाचीही एक मर्यादा आहे. लांबी बहात्तरपट घटते तेव्हा क्षेत्रफळ पाच हजार एकशे चौऱ्याऐंशी पटींनी घटते आणि वजन तीन लाख त्र्याहत्तर हजार पटींहून अधिक घटते. सुमारे साडेतीन टनांचे भरलेले हरिकेन या हिशेबाने नऊ-दहा ग्रॅमांचे होते. रंगाचेही तसेच, खऱ्या विमानाचा गर्द हिरवा रंग जसाच्या तसा प्रतिकृतीस दिला तर तो काळपट दिसतो, म्हणून जाणकार त्यात किंचित पांढरा मिसळून दुरून दिसणारी हवेची धूसरता साधतात. म्हणजे खरे दिसण्यासाठी काही ठिकाणी मापाची अक्षरे सोडून त्यांचा अर्थ धरावा लागतो. आणि इंजिनाची धग, कानठळ्या बसविणारा आवाज, जंगलावरून एकट्याने उडताना बसणारी भीती यांना तर बहात्तरने भागण्याची सोयच नाही. एक इंचाचा तो वैमानिक आपल्या बैठकीत निश्चल बसून राहतो. त्याची जागा, त्याच्या भोवतीची काच, त्याच्या पंखावरचे चिन्ह एवढेच आपल्या हाती असते. तेवढे तरी खरे असावे, ही त्याच्या वाट्याला आलेल्या प्रसंगांची किमान बूज होय.

ज्यांना हा उद्योग करून पाहावासा वाटेल त्यांनी पहिल्या खेपेस साधा, थोड्या भागांचा संच घ्यावा, रंग दोन-तीनच ठेवावेत, आणि जोडावयास बसण्यापूर्वी त्या विमानाविषयी मिळेल ते वाचावे. दिल्लीस जाण्याचा योग आला तर पालम येथील वायुसेनेच्या संग्रहालयात एक खरे हरिकेन जतन केलेले आहे. त्याच्यासमोर उभे राहून त्याच्या पंखाचा मोड एकदा नजरेत साठवावा. पुढे घरी टेबलावर काम करताना तो उपयोगी पडेल.