इज लिहू की आर?

मागच्या शनिवारी गुरुजींनी मला फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहायला सांगितले. ज्या मुलाकडे दोन गाई आहेत तो माझा मित्र आहे. मी लिहिले, ‘द बॉय हू हॅज टू काऊज आर माय फ्रेंड.’ गुरुजी म्हणाले, "आर चुकला." सगळी पोरं हसली. मला रडूच आले. गाई दोन, म्हणून मी आर लिहिला. एकाला इज, अनेकांना आर, असेच आपण शिकलोय. मग चुकले कुठे?

घरी आईला सांगितले. तिला इंग्रजी येत नाही. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मित्र कोण रं तुझा? गाई का पोरगा?" मी म्हणालो, "पोरगा." "मग गाईंकडं कशाला बघतोस? पोरगा एकच हाय न्हवं?" तेव्हा मला कळले. आर च्या शेजारी गाई होत्या, पण वाक्य मुलाचे होते.

आपण मराठीत जो मुलगा धावतो, जी मुलगी धावते, जी मुले धावतात असे म्हणतो. इंग्रजीत हू बदलत नाही. मुलगा असो, मुलगी असो, एक असो की दहा, हू तसाच. म्हणून हू च्या आधी कोण आहे ते बघायचे.

द बॉय हू रन्स.
द गर्ल हू रन्स.
द बॉईज हू रन.

एक असला की रन ला स लागतो. अनेक असले की लागत नाही. काल आलेल्यांचे सोपे आहे. द बॉय हू केम, द बॉईज हू केम. पण तिथेही एकाला वॉज आणि अनेकांना वेअर लागते.

आता एक युक्ती सांगतो. ‘हू हॅज टू काऊज’ एवढे बोटांनी झाका. काय उरले? द बॉय, आणि पुढे माय फ्रेंड. मधे इजच येणार. मुले अनेक असतील तर ‘द बॉईज हू हॅव अ काऊ आर माय फ्रेंड्स.’ इथे गाय एक आहे, तरी आर!

सोमवारी मी वाक्य बरोबर लिहिले. गुरुजींनी विचारले, "कोणी शिकवले?" मी म्हणालो, "आईने." पालकसभेला ती आली की हे तिला वाचून दाखवणार आहे.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी