चैत्रात दिल्ली पाहावी

टोकिओत मेइजी जिंगू गाएनच्या रस्त्यावर गिंकोची 146 झाडे ओळीने उभी आहेत. 1923 साली लावलेली ही झाडे नोव्हेंबरअखेर पिवळीधमक होतात आणि ती पाहायला माणसांची रीघ लागते. साधारण त्याच काळात आपल्याकडे नव्या राजधानीचे रस्ते आकाराला येत होते. एडविन लट्यन्स यांच्या आराखड्यात रस्त्यारस्त्याला झाडे बसवण्याचे काम उद्यानतज्ज्ञ डब्ल्यू. आर. मस्टो करत होते. जनपथला अर्जुन, अकबर रोडला चिंच, लोधी रोडला कडुनिंब, मंदिर मार्गाला पिंपळ. एका रस्त्याला शक्यतो एकच झाड, अशी ती रीत. म्हणजे दोन्ही राजधान्यांच्या वृक्षरांगा जवळजवळ एकाच वयाच्या. तरी पानांचे रंग पाहायचे तर जपानलाच जावे, असे आपण धरून चालतो. ही समजूत दुरुस्त करायला हवी. रंगांचा ऋतू दिल्लीलाही आहे. फक्त तो शरदात येत नाही, गुढीपाडव्याच्या आसपास येतो.

यामागचे कारण हवामानात आहे. जपानात थंडी वाढते, दिवस लहान होतो आणि झाड पानातले हरितद्रव्य मोडून घेते. हिरवा रंग ओसरला की गिंकोच्या पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपल मात्र अँथोसायनिन हे लाल द्रव्य नव्याने तयार करतो. आपल्या मोसमी प्रदेशात झाडाला खरी काळजी कोरड्या दिवसांची. म्हणून पिंपळ, कडुनिंब, पिलखन ही झाडे हिवाळा सरताना पाने गाळतात आणि उन्हाळा तापण्याआधी नवी धारण करतात. या कोवळ्या पानांत हरितद्रव्य पुरेसे भरण्याआधी बरेचदा तेच अँथोसायनिन दिसते. मेपलला जाताना जो रंग चढतो, तो पिंपळाला येताना चढतो. पिंपळाचे नवे पान हातात घेऊन पाहावे: तांबूस-गुलाबी, रेशमासारखे मऊ, उन्हात धरले तर शीर न् शीर दिसणारे, शेपटीसारखे लांब टोक खाली लोंबणारे. काही दिवसांतच ते पोपटी होते आणि मग गर्द हिरवे. कोशिंबाची पालवी तर इतकी लाल असते की लांबून झाड फुलल्यासारखे वाटते.

यावर कोणी म्हणेल की जपानसारखा अख्खा रस्ता एका रंगात न्हालेला दिल्लीत दिसत नाही. ते खरे आहे. नियोजनकर्त्यांना कडक उन्हाळ्यात सावली हवी होती, म्हणून जांभळासारखी सदाहरित झाडे त्यांनी मुद्दाम भरपूर निवडली. शिवाय एकाच रांगेतला एक पिंपळ निष्पर्ण, दुसरा तांबूस आणि तिसरा हिरवा, असेही असते. पण या देखाव्याचे वेगळेपण त्यातच आहे: पानगळ आणि पालवी एकाच रस्त्यावर एकाच वेळी भेटतात. दुसरा आक्षेप दिल्लीच्या धुरकट हवेचा. तो नोव्हेंबरपुरता रास्त आहे. चैत्रापर्यंत हवा बरीच निवळलेली असते.

मग उणीव कशाची? ऋतूला नाव देऊन तो साजरा करण्याची. जपानी भाषेत रंगीत पाने पाहायला जाण्याला ‘मोमिजीगारी’ असा खास शब्द आहे. अशी माया असली की झाडांच्या बाजूने बोलणारी माणसेही उभी राहतात. गाएन परिसराच्या पुनर्विकासात शेकडो झाडे जाणार होती, तेव्हा नागरिक विरोधात उतरले आणि संगीतकार र्‍युइची साकामोतो यांनी मृत्यूच्या काही आठवडे आधी, मार्च 2023 मध्ये, टोकिओच्या राज्यपालांना पत्र लिहिले. दिल्लीच्या रांगाही आता शंभरीच्या घरात आहेत. वादळात पडलेल्या झाडाच्या जागी त्याच जातीचे झाड लावले जाते का, मुळांभोवती काँक्रीट ओतले जाते का, हे विचारायला त्या रांगांवर जीव असलेली माणसे लागतात.

मराठीत तर शब्द शोधावाही लागत नाही. ‘चैत्रपालवी’ आपल्याकडे कधीचीच आहे, आणि पाडव्याला आपण खातो ती कडुनिंबाची कोवळी पाने लोधी रोडवर त्याच दिवसांत फुटतात. दिल्लीला जायचे असेल तर मार्चअखेरीचे दिवस निवडा. सकाळी मंदिर मार्गावरून पायी चाला आणि मान वर करून पाहा.