हवा किती, वेग किती?

विमानाचं इंजिन कोणतंही असो, ते हवा मागे फेकतं आणि त्या प्रतिक्रियेनं विमान पुढे जातं. न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना सारखाच. इंजिनांचे प्रकार पडतात ते एका हिशेबावरून : हवा किती फेकायची आणि किती वेगानं?

रेटा ठरतो हवेचं वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारावर. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या पटीत लागते. म्हणजे उड्डाणाच्या सुरुवातीला दुप्पट हवा निम्म्या वेगानं फेकली, तर रेटा तेवढाच मिळतो आणि ऊर्जा निम्मी लागते. इंधनाची सगळी बचत या गणितात आहे.

एटीआर-७२ या प्रवासी विमानाच्या टर्बोप्रॉप इंजिनात, तापलेल्या वायूवर फिरणाऱ्या टर्बाइनची बहुतेक शक्ती बाहेरचा मोठा प्रॉपेलर फिरवण्यात जाते. हवा भरपूर, वेग बेताचा. जवळच्या शहरांसाठी उत्तम. पण विमानाचा वेग फार वाढला, की पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगापाशी पोचतात आणि प्रॉपेलरचा जोर ओसरतो.

या मर्यादेवरचं उत्तर म्हणजे टर्बोजेट. ब्रिटनच्या फ्रँक व्हिटल यांनी १९३० मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांच्या इंजिनावर हाइनकेल १७८ विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडालं. कॉम्प्रेसर हवा दाबतो, तिच्यात इंधन जळतं, तापलेला वायू टर्बाइन फिरवतो आणि उरलेल्या जोरानं मागे सुटतो. टर्बाइन पुन्हा कॉम्प्रेसरला चालवते. इथे हवा थोडी, वेग प्रचंड. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाणाऱ्या काँकॉर्ड विमानाला ते मानवलं. साध्या प्रवासी विमानांना त्याची तहान परवडेना.

टर्बोफॅननं दोन्ही टोकं जुळवली. पुढचा पंखा बरीचशी हवा गाभ्याच्या, म्हणजे कॉम्प्रेसर-टर्बाइनच्या भागाच्या, बाहेरून थंडच मागे ढकलतो. एअरबस ए-३२० निओच्या लीप इंजिनात गाभ्यातून एक भाग हवा जाते, तेव्हा बाहेरून सुमारे अकरा भाग. रेट्याचा मोठा वाटा या थंड हवेचाच.

नाशिकजवळ ओझरला जुळणी झालेल्या सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानाचंही इंजिन टर्बोफॅनच, पण त्यात बाहेरून जाणारी हवा गाभ्यातल्या हवेपेक्षा कमी. शिवाय आफ्टरबर्नर टर्बाइनमागच्या वायूत पुन्हा इंधन जाळतो. लढाईत चपळाई आधी, काटकसर नंतर.

म्हणून सर्वश्रेष्ठ इंजिन असं काही नसतं; विमानाला कोणत्या वेगानं जायचंय, यावर निवड ठरते. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या, सीएफएम या इंजिन कंपनीच्या राइज प्रकल्पात तर पंख्याभोवतीचं आवरणच काढून टाकण्याची तयारी आहे. पंखा आणखी मोठा, हवा आणखी जास्त, इंधन आणखी कमी. नव्वद वर्षांहून जुना हा हिशेब अजून संपलेला नाही आणि उद्याच्या विमानप्रवासाचा धूर किती, हेही त्यावरच ठरणार आहे.