आधी दांडी, मग वाटी

लग्नसराईत इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात वरातीचा बँड निघाला, की ट्रंपेट आणि क्लॅरिनेट गाण्याची चाल धरतात. खालचा भारदस्त सूर मात्र युफोनियम सांभाळतो, किंवा वादकाच्या अंगाभोवती वेटोळं घातलेला सूझाफोन. बर्लिनमध्ये 1835 साली ज्याचं पेटंट घेतलं गेलं त्या ट्यूबाचाच हा चालता चालता वाजवायचा प्रकार. त्याची नळी सरळ केली तर साधारण साडेपाच मीटर भरेल. इतक्या मोठ्या नळीला हलवणारी थरथर जन्मते ओठांत, आणि ओठ व नळी यांच्यामधला दुवा म्हणजे मुठीत मावणारा माउथपीस. तो विकत घेताना बहुतेकांची नजर वाटीच्या रुंदीवर जाते. माझ्या मते निवडीची सुरुवात उलट्या टोकाने, म्हणजे वाद्यात शिरणाऱ्या दांडीपासून व्हायला हवी.

वाटीची रुंदी दिसते सोपी, पण फसवते. व्हिन्सेंट बाख कंपनीच्या यादीत 18 क्रमांकाची ट्यूबाची वाटी 32.60 मिलिमीटर रुंद आहे आणि 24 एडब्ल्यूची 31.25. क्रमांक वाढला तशी वाटी लहान झाली. शिल्के कंपनीच्या यादीत याच्या उलट, आकडा वाढला की वाटी मोठी होते. तेव्हा क्रमांक ऐकून माप कळत नाही. बरं, माप कळलं तरी आवाज कळतोच असंही नाही. सूझाफोनला ज्यांचं नाव आहे त्या सूझांच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवणाऱ्या ऑगस्ट हेलेबर्ग यांच्या नावाच्या माउथपीसची रुंदी बाख 18 च्या जवळपास असते, पण त्याची वाटी नरसाळ्यासारखी खोल उतरत जाते. म्हणून त्याचा आवाज गडद येतो, तर गोलसर, उथळ वाटीचा आवाज उजळ आणि टोकदार. म्हणजे खोली, आकार आणि तळाच्या सुमारे 8 मिलिमीटरच्या छिद्राचं माप सोबत नसेल, तर नुसत्या रुंदीवरून फार थोडं समजतं.

दांडीचं गणित याहून कडक आहे. ती निमुळती असते. साधारण 20 मिलिमीटर लांबीमागे तिचा व्यास 1 मिलिमीटरने बदलतो. अमेरिकी दांडी बारीक, युरोपीय जाड. हा फरक अर्धाच मिलिमीटर धरला, तरी तोच माउथपीस 10 मिलिमीटर जास्त आत जाईल किंवा तेवढाच बाहेर राहील. साडेपाच मीटरच्या नळीत 1 सेंटिमीटरने काय बिघडतं, असं कोणी विचारेल. सुराच्या उंचीपुरता हा आक्षेप खरा आहे. लांबीतला फरक 0.2 टक्केसुद्धा होत नाही. नुकसान वेगळ्या ठिकाणी होतं. चुकीच्या मापाची दांडी नीट बसत नाही, डुगडुगते, फटीतून हवा निसटते आणि आत नळीच्या तोंडाशी नको तिथे पायरी पडते. स्वर सुटताना अडखळतो, आणि दोष मात्र वादकाच्या दमाला दिला जातो.

कसलेला वादक कशावरही वाजवतो, हा दुसरा आक्षेप. वाजवतो खरा, पण वाद्याची उणीव तो ओठांनी भरून काढतो, आणि एप्रिलच्या उन्हात तास न् तास चालणाऱ्या वरातीत ती मेहनत ओठांना महागात पडते. तिथे वाटीच्या कडेचाही प्रश्न येतो. 24 एडब्ल्यूची रुंद कड दाब पसरवते, त्यामुळे चालताना बसणारे हिसके सुसह्य होतात; हेलेबर्गची पातळ कड बसून वाजवणाऱ्याला ओठांची मोकळीक देते. चांदीचा मुलामा उडालेलं पितळ काहींच्या कातडीला सोसत नाही. अशांना प्लॅस्टिकचा माउथपीस चालतो, आणि तो उन्हात धातूसारखा चटकाही देत नाही. वरातीत एवढं ऐकतं कोण, असं म्हणणाऱ्यांना मी इतकंच सांगेन, की खालचा सूर डळमळला तर वरची चाल बेसूर वाटते, आणि ते कळायला कुणाला संगीत शिकावं लागत नाही.

राहिला खरेदीचा प्रश्न. मेरठची जाळी कोठी हे आपल्याकडच्या पितळी वाद्यांचं मोठं केंद्र. नादिर अली कंपनी तिथे 1885 पासूनची. वाद्य तिथलं आणि माउथपीस परदेशी घडणीचा असेल, तर मापं जुळतीलच असं नाही. म्हणून घेताना वाद्य सोबत न्यावं, दांडी हलक्या हाताने बसवावी आणि बाजूला ढकलून पाहावी. जाड निघाली तर इंदापूरजवळच्या लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतला लेथवरचा कुशल टर्नर ती मापात उतरवू शकेल, मात्र उतार तोच राखायला हवा. बारीक निघाली तर कागद गुंडाळून तिचं डुगडुगणं थांबतं, पण आतली पायरी तशीच राहते. असा माउथपीस परत केलेलाच बरा.