संगणक रेंगाळतो? आधी दुखणे ओळखा, मग खर्च करा

दुकानाचा हिशेब घरच्या संगणकावर ठेवणे ही आता आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंना नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. रोजमेळ, जीएसटीची बिले, उधारीची यादी, मुलांचा अभ्यास, सारे त्या एकाच पेटीत असते. चार-पाच वर्षे झाली की ही पेटी रेंगाळू लागते. मग कोणी म्हणतो, "मेमरी भरली." कोणी म्हणतो, "नवा घ्या." या 'मेमरी' शब्दानेच बराच घोटाळा केला आहे.

आमचेच उदाहरण घ्या. काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईच्या तोंडावर आमचा संगणक नुसता सुरू व्हायला सहा-सात मिनिटे घेऊ लागला. जागा भरली असेल असे समजून आम्ही जुने फोटो पुसत बसलो. फरक पडला नाही. मग दुरुस्तीवाल्याला आम्हीच सांगितले, "मेमरी वाढवून द्या." त्याने दिली, पैसे घेतले, पेटी तशीच. दोन महिन्यांनी हार्ड डिस्क बंद पडली आणि दीड वर्षाची उधारी तिच्याबरोबर गेली. कागदावर होते तेवढे वसूल झाले. बाकी गिऱ्हाईक सांगेल ते मान्य करावे लागले. डिस्कचे मंद होणे हीच तिच्या आजाराची सूचना होती, पण आम्हाला ती ओळखता आली नाही.

गादी आणि गोदाम

कापडाच्या दुकानात गादी असते आणि मागे गोदाम असते. गोदामात शेकडो तागे, पण गिऱ्हाइकापुढे उघडायचे ते गादीवर. संगणकात रॅम म्हणजे गादी आणि डिस्क म्हणजे गोदाम. रात्री दुकान बंद करताना गादी मोकळी होते. तशीच वीज गेली की रॅम रिकामी होते. म्हणून न साठवलेले बिल जाते. डिस्कवरचे मात्र राहते.

गादी लहान असली तर नवा तागा उघडण्यासाठी आधीचा आत ठेवावा लागतो. संगणकही रॅम अपुरी पडली की काही माल तात्पुरता डिस्कवर हलवतो. तेथेच सारा वेळ जातो.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि एक दांडी पुढे-मागे सरकून नोंद शोधते. एका शोधाला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही, सारे चिपवर असते. तिला त्याच्या शंभराव्या भागाइतकाच वेळ पुरतो. म्हणून पाच-सहा वर्षांच्या पेटीतही हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की पेटी नव्यासारखी चालते.

दुखणे कसे ओळखावे?

नेहमीची सारी कामे उघडी ठेवा. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा आणि 'परफॉर्मन्स' हे पान पाहा.

१) मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅम कमी आहे.
२) मेमरी मोकळी, पण डिस्क वारंवार १०० टक्क्यांवर जात असेल तर डिस्क मंद किंवा आजारी आहे.
३) 'सी' ड्राइव्ह जवळजवळ भरला असेल तरच जागेचा प्रश्न आहे.

खरेदी करताना

रॅमच्या डीडीआर ३, ४ आणि ५ अशा पिढ्या आहेत. प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी असते. एकीची पट्टी दुसरीच्या जागी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम कायमची जोडलेली असते, ती वाढत नाही. हे आधी विचारा. हिशेब व पत्रव्यवहाराला ८ जीबी पुरते. डिझाइनचे काम करणाऱ्यांनी १६ जीबी घ्यावी. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वाया जाते.

एसएसडी अडीच इंची 'साटा' की पट्टीसारखी 'एम.२', हे पेटी पाहून ठरवा. एम.२ मध्येही दोन जाती दिसायला सारख्याच असतात, म्हणून मॉडेल लिहून न्या. काही शे रुपयांत १ टीबी देणाऱ्यापासून दूर राहा. अशा मालावर लेबल मोठे, आत चिप लहान. भरत गेलात की जुनी नोंद नकळत नष्ट होते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा दोन-तीन दुकानांत चौकशी करूनच घ्या.

फार जुन्या पेटीवर मात्र मोठा खर्च करू नये. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ जुन्या पेट्यांवर रीतसर बसत नाही. आपली पेटी बसते का, हे आधी पाहा.

पेटी उघडण्यापूर्वी

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. हिशेबाच्या तीन प्रती ठेवा: एक संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या ठिकाणी. बाहेरची डिस्क काम झाले की काढून ठेवा, नाहीतर व्हायरस तिलाही गाठतो. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहा; न उघडलेल्या प्रतीचा भरवसा नाही. जुनी डिस्क विकण्यापूर्वी ती पूर्ण पुसून घ्या. नुसते 'डिलीट' केल्याने गिऱ्हाइकांची नावे आणि बँकेचे आकडे जात नाहीत.

पन्हा न मोजता आपण तागा घेत नाही. संगणकाच्या बाबतीतही तीच सवय लावून घ्या. रॅम, डिस्क पुन्हा विकत मिळते. गेलेली उधारीची वही कोणत्याही बाजारात मिळत नाही.