लाल बटणामागचा उजेड

लहानपणी व्ह्यूमास्टर डोळ्यांना लावून खटका दाबलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्याच जातीचं, पण मोठ्या माणसांसाठी बनवलेलं एक यंत्र म्हणजे स्टिरिओ रिअलिस्टचा व्ह्यूअर. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या डेव्हिड व्हाइट कंपनीने सीटन रॉकव्हाइट यांच्या कल्पनेतला दोन भिंगांचा कॅमेरा 1947 साली बाजारात आणला आणि त्याने काढलेल्या स्लाइड पाहण्यासाठी हा व्ह्यूअर. बेकेलाइटचं जाडजूड अंग, दोन भिंगं, आत मोठे गोल सेल आणि दाबलं की दिवा लावणारं लाल बटण. संग्राहक त्याला ‘लाल बटणवाला’ असंच म्हणतात. 1970 च्या दशकाच्या आरंभी कॅमेऱ्याचं उत्पादन थांबलं. व्ह्यूअर मात्र जुन्या वस्तूंच्या बाजारात अजून येतात.

त्याची दुरुस्ती करायची ती केवळ हौस म्हणून नव्हे. त्या काळच्या बहुतेक स्टिरिओ स्लाइड कोडाक्रोमवर काढलेल्या आहेत. 1935 साली आलेली ही फिल्म अंधारात ठेवली तर दशकानुदशकं रंग धरून राहते. पण स्लाइडला निगेटिव्ह नसते, म्हणजे मूळ चित्र एकच. स्कॅन केलं तर चित्र उरतं, पण पडद्यावर त्यातली खोली जाते. व्हीटस्टन यांनी 1838 सालीच दाखवून दिलं होतं, की दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं स्वतंत्रपणे दाखवली की मेंदू त्यांतून खोली उभी करतो. रिअलिस्टच्या कॅमेऱ्यात दोन भिंगांमधलं अंतर 70 मिमी आहे, आपल्या डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा थोडंसंच जास्त. तेवढ्यावर अंगणात उभ्या असलेल्या आजीच्या मागची भिंत खरोखर मागे जाते.

व्ह्यूअर हाती आला की आधी सेलचा कप्पा उघडावा. विसरलेले सेल फुटून पत्र्याच्या पट्ट्या खाल्लेल्या असतात. इथे एक भेद लक्षात ठेवायचा. अल्कलाइन सेलमधून गळतं ते अल्कधर्मी, त्यावर व्हिनेगरचा बोळा चालतो. जुन्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी, तिला खायच्या सोड्याचं पाणी. मग पट्टी कोरडी करून बारीक पॉलिश पेपरने घासावी. बेकेलाइट मात्र भिजत घालू नये. त्यात बहुधा लाकडाचा भुसा मिसळलेला असतो, आणि वरची चकाकी गेली की तो पाणी पितो. स्क्रू आवळतानाही हात हलका. बेकेलाइट वाकत नाही, सरळ तडकतं.

भिंगांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: शक्यतो ती जागेवरून काढूच नयेत. चांगल्या व्ह्यूअरमध्ये दोन काचा चिकटवून केलेली जोडभिंगं असतात. कडेला उमटणारे रंगीत पट्टे त्यांनी कमी होतात, पण जुना चिकट पदार्थ उष्णतेने किंवा रसायनाने सुटू शकतो. आधी फुगा दाबून धूळ उडवावी, मग भिंगाच्या कागदावर द्रवाचा एक थेंब घेऊन फक्त बाहेरची बाजू पुसावी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बुरशीची जाळी दिसू शकते. ती फार दिवस राहिली तर काच कोरते आणि तो डाग कोणत्याही द्रवाने जात नाही. भिंगं काढलीच, तर बसवताना दोन्हींची उंची तंतोतंत जुळली पाहिजे. आडवा फरक डोळे सांभाळून घेतात, उभा नाही. दोन मिनिटांत कपाळ दुखू लागतं. समुद्राची क्षितिजरेषा असलेली स्लाइड घालून तपासावं. ती एकाखाली एक अशी दोनदा दिसली, तर दुसरी स्लाइड घालून पाहावी. पुष्कळदा दोष स्लाइडच्या चौकटीचा असतो आणि आपण निष्कारण व्ह्यूअर उघडतो.

खरी सुधारणा होते ती उजेडात. जुन्या तारेच्या बल्बचा प्रकाश पिवळट, मध्यभागी जास्त आणि कडेला मंद. सेल उतरले की आणखी तांबूस. एलईडी लावण्याचा मोह होतो, पण साधी पांढरी एलईडी लावली की कोडाक्रोमचा प्रसिद्ध लाल मेल्यासारखा दिसतो. निळ्या प्रकाशावर पिवळा लेप चढवून तो पांढरा बनवलेला असतो आणि त्यात गडद लाल अपुरा पडतो. म्हणून रंगदर्शन निर्देशांक 95 च्या वरची एलईडी घ्यावी. रंगाचं तापमान 3000 ते 4000 केल्विनच्या दरम्यान असावं; या स्लाइड प्रोजेक्टरच्या उबदार दिव्यात पाहिल्या जातील, हे फिल्म बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. पुढे दुधी अ‍ॅक्रिलिकची चकती हवीच, नाहीतर आकाशात एलईडीचा ठिपका दिसतो.

विजेचं गणितही बदलतं. पांढऱ्या एलईडीला सुमारे 3 व्होल्ट लागतात. दोन ताजे सेल एकापुढे एक जोडले तर तेवढेच मिळतात, आणि थोड्याच वापरात कमी होतात. त्यामुळे व्होल्टेज वाढवून प्रवाह स्थिर ठेवणारं छोटं सर्किट मध्ये घालावं. आणि उजेड जास्त करू नये. अंधारात चिवट असलेलं कोडाक्रोम प्रखर प्रकाशात मात्र काही इतर फिल्मांपेक्षा लवकर फिकं पडतं. बटण दाबलं तरच दिवा लागतो, ही मूळ रचना त्या दृष्टीने शहाणपणाची आहे. तिथे कायम चालू राहणारं स्विच बसवू नका.

नवी जोडणी जुन्या होल्डरवर डाख न देता करता येते. बल्बच्या मापाची टोपी बनवून त्यात एलईडी आणि सर्किट बसवलं, की ती बल्बसारखीच फिरवून लावायची. काढलेला बल्ब कागदात गुंडाळून, सेल न घालता, व्ह्यूअरच्या खोक्यातच ठेवावा.